आधी विमान ठरवा, मग जॉयस्टिक

संगणकावर विमान उडवायचंय? मग दुकानात जाण्याआधी एक ठरवा: उडवायचं कोणतं?

एअरबस ए-३२० मध्ये कॅप्टनच्या डाव्या हाताशी साइडस्टिक असते. म्हणून दोन्ही हातांना चालेल अशी जॉयस्टिक बघा. सेसना १७२ किंवा बोइंग ७३७ आवडत असेल, तर योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल, बरा. रडरचे, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचे, पेडल घेणार नसाल, तर जॉयस्टिकचा दांडा मनगटाने पिळता येणारा हवा.

आतला सेन्सर कोणता, तेही विचारून घ्या. पोटेन्शिओमीटर घासून झिजतो. मग हात न लावताही विमान एकीकडे कलायला लागतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, तिथे घासाघीस नाही.

आणि हो, स्टिक टेबलावर घट्ट बसवा. नाहीतर ऐन लँडिंगला तीच उडायची!