लेखणीचा जमाखर्च

(संस्थेच्या नववर्ष स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



नवीन वर्षाच्या आरंभी संस्थेने आम्हाला आमच्या लेखनाविषयी बोलावयास सांगितले, याबद्दल आम्ही आभारी आहोत. चाळीस वर्षांहून अधिक काळ आम्ही कोणत्याही वृत्तपत्राच्या नोकरीत न राहता लेखन केले. लेख, सदरे, पुस्तक-परिचय, आकाशवाणीवरील भाषणे, अनुवाद, प्रसंगी मुद्रितशोधन. जे काम पुढे आले ते केले आणि घराचा अर्धा भार त्यावर उचलला. उरलेला अर्धा भार आमच्या पत्नीने शाळेतील नोकरीवर उचलला, हे सांगितल्याशिवाय आमचा हिशेब पुरा होणार नाही. ‘मुक्त लेखक’ या शब्दातील मुक्तपणामागे बहुधा घरातील दुसऱ्या कोणाचा तरी महिन्याचा पगार असतो.

आज समोर लिहू इच्छिणारी तरुण मुले-मुली बसलेली आहेत. त्यांच्यासाठी आम्ही एकच मुद्दा मांडणार आहोत. लेखन हे श्रम आहेत आणि श्रमाचा हिशेब ठेवावाच लागतो.

जानेवारी हा तसा मराठी पत्रांचा महिना आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. यातील कोणतेही पत्र नुसत्या विचारांवर चालले नाही. कागद, छपाई, टपाल यांना पैसा लागला. ‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते.

पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने आणि विनामोबदला लिहून काढावे लागले. फुकट लेख मागणारी मंडळी आम्हाला हे उदाहरण हमखास देतात. परंतु ते अर्धेच सांगतात. बाबासाहेबांनी हे श्रम मोजले, वाचकांसमोर जाहीरपणे मांडले आणि पत्राचे ऋण समाजाने फेडावयास नको काय, असा रोखठोक प्रश्न केला. त्याग माणसाने स्वतःच्या इच्छेने करावयाचा असतो. दुसऱ्याने तो हक्काने मागून घ्यावयाचा नसतो.

आता आमच्या धंद्याची रीत थोडी सांगतो. आम्ही लिहू लागलो तेव्हा लेख कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावा लागे. सोबत तिकिटे लावलेला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा जोडावयाचा. तो लिफाफा घरी परत आला की समजावे, ‘साभार परत’. लेख छापून आला तर काही महिन्यांनी मनीऑर्डर येई. पोस्टमनसमोर सही करताना शेजारपाजारचे लोक पाहात आणि त्यांना प्रथमच कळे की लिहिण्याचेही पैसे मिळतात.

मराठी मुक्त लेखकाचे वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरते. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली. उन्हाळा संपता संपता संपादकांची पत्रे येतात, पावसाळ्यात लेख लिहून द्यावयाचा, दसऱ्याच्या सुमारास अंक छापखान्यात. पण अंक चालतो तो जाहिरातींवर आणि जाहिरातीची बिले वसूल होण्यास महिने लागतात. कागदवाला थांबत नाही, छापखानेवाला थांबत नाही. थांबतो तो लेखक. म्हणून दिवाळीचे मानधन पुष्कळदा जानेवारीत येते, कधी होळीला येते, आणि कधी येतच नाही. ‘मानधन’ या शब्दात मान आधी आणि धन नंतर आहे. आमच्या अनुभवात काही ठिकाणी मानावरच भागविले गेले.

एक अनुभव सांगतो. एका साप्ताहिकात आम्ही वर्षभर सदर लिहिले. साप्ताहिक बंद पडले आणि निम्म्याहून अधिक लेखांचे पैसे बुडाले. मात्र प्रत्येक लेखाची कार्बन प्रत आमच्यापाशी होती आणि हक्क आम्ही कोणाला लिहून दिलेले नव्हते. पुढे त्याच लेखांचे पुस्तक झाले. पुस्तकाने बुडालेली सारी रक्कम भरून काढली नाही, पण लेख आमचे राहिले.

ते आमचे का राहिले, हे तरुणांनी नीट समजून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, जो नोकरीत नाही आणि ज्याने हक्क लिहून दिलेले नाहीत, तो लेखकच आपल्या लेखाचा पहिला मालक असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क द्यावयाचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तोंडी बोलण्याने ते जात नाहीत. लेखी करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडिलोपार्जित जमीन नाही, वाडा नाही. पण लेखकाच्या मुलांना लेखनाचा हक्क वारसाने मिळतो. तो न वाचता सही करून देऊ नये.

यासाठी आम्ही दर नववर्षाला एक साधी वही करतो. लेखाचे नाव, कोणाला दिला, कोणत्या तारखेस दिला, काय ठरले, काय आले, असे पाच रकाने. मागील वर्षाची येणे बाकी पहिल्या पानावर उतरवून घ्यावयाची आणि जानेवारीतच नम्रपणे स्मरणपत्र लिहावयाचे. धनादेश आला तर तो ताबडतोब बँकेत भरावा. पूर्वी त्याची मुदत सहा महिने असे, एप्रिल २०१२ पासून ती तीनच महिने झाली आहे. पैसे विचारण्यात लाज नाही. गवंडी विचारतो, शिंपी विचारतो. मग लेखकानेच मान खाली का घालावी?

काळ बदलला. खिळे जुळविण्याची छपाई गेली, हस्तलिखिते गेली, लेख क्षणात पोहोचतो. २०२० च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांची पाने घटली, तेव्हा कात्री प्रथम बाहेरच्या लेखकांवर चालली. आता तर मजकूर आणि अनुवाद यंत्र करून देते, मग तुम्हाला काय द्यावयाचे, असेही ऐकावयास मिळते. आमचे उत्तर असे की, वस्तीत जाऊन माणसाशी बोलून, त्याचे म्हणणे पारखून, खाली स्वतःचे नाव घालून जबाबदारी घेणारा माणूसच लागतो. त्या जबाबदारीचे मोल मागावे.

मग फुकट लिहूच नये काय? अवश्य लिहावे. आम्हीही लिहिले, ग्रंथालयासाठी, वसतिगृहासाठी, मोर्चाच्या पत्रकासाठी. परंतु तेही वहीत ‘देणगी’ म्हणून नोंदविले. देणगी दिली हे देणाऱ्यालाही ठाऊक असावे आणि घेणाऱ्यालाही. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही, त्या मुलाला फुकट लिहिणे परवडत नाही. लिहिण्याचे पैसे मिळाले नाहीत तर लेखणी पुन्हा पोटभरल्या घरांतच राहील आणि आपल्या घरांतील गोष्टी दुसरेच सांगत राहतील.

म्हणून जाता जाता संस्थेला एक नम्र सूचना. या स्मरणिकेच्या जमाखर्चात कागद, छपाई, बांधणी यांचे रकाने असतात. येत्या वर्षी त्यात ‘लेखक’ असा एक रकाना घालावा. रक्कम लहान असली तरी चालेल. पहिला लेख छापून आलेल्या मुलाच्या वा मुलीच्या हाती ती समारंभपूर्वक द्यावी. आमच्या आजच्या भाषणाचे जे काही द्यावयाचे असेल, ते त्याच रकान्यात जमा करावे.