अर्धी स्ट्रिप आणि आयसीयू
(मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. फार्मसीचा डिप्लोमा करून सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीत उभे राहणारे आम्ही लोक. पण खिडकीतून बरंच दिसतं. ताप आला की आपला जोयड्याचा माणूस आधी घरात उरलेली गोळी शोधतो. नसली तर दुकानात जाऊन ‘मागच्या वेळची ती लाल-पिवळी कॅप्सूल द्या’ म्हणतो. बरं वाटलं की अर्धी स्ट्रिप फळीवर जाते. शेजारच्या वहिनींना ताप आला की तीच खाली येते.

आमच्या ओळखीतले एक काका न्यूमोनिया होऊन शहरात व्हेंटिलेटरवर होते. उतार पडत होता, तोच आठव्या दिवशी पुन्हा ताप चढला. मुलगा कल्चरचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आला. औषधांची नावं एकाखाली एक, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘आर’. म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. ‘दादा, भारीतलं औषध सांगा, जमीन विकतो,’ म्हणाला. उरलं होतं कोलिस्टिन. ते काही भारीतलं नवं औषध नव्हे. मूत्रपिंडाला बाधतं म्हणून एके काळी बाजूला ठेवलेलं जुनंच. काका घरी आले नाहीत.

आयसीयूत श्वासाची नळी, लघवीची नळी, शिरेतली नळी, सगळी जंतूंना उघडी दारं. त्यात जोरदार अँटिबायोटिक चालू. साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. अॅसिनेटोबॅक्टर तर कोरड्या खाटेच्या दांडीवरही कित्येक दिवस टिकतो, आणि हातावरून पुढच्या खाटेवर जातो.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात 2009 साली ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे 24 जंतू तपासले. 22 मध्ये एनडीएम-1 हे जनुक निघालं. हे जनुक एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. आपल्या आतड्यातही असे जंतू राहतात. विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी त्यातल्या चिवटांना जागा करून देते, आणि आजारी पडलो की आपणच त्यांना आयसीयूत घेऊन जातो. आपल्या जिल्ह्यातला माकडताप विषाणूचा. त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, तरी मागणारे मागतात. 1 मार्च 2014 पासून एच-1 यादीतली औषधं विकताना दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. पण फळीवरच्या स्ट्रिपची नोंद कोण ठेवणार?

आपण पेशंटला बघायला जीप भरून जातो. प्रेम आहे, नाही म्हणत नाही. पण आत एकानेच जावं, आधी हात धुवावेत, खाटेवर बसू नये, नळ्यांना हात लावू नये. कपाळाला अंगारा लावायचा असेल तर नर्सबाईंना विचारून. कुणी हात न धुता पेशंटजवळ आलं तर नम्रपणे आठवण द्यावी, डॉक्टर असले तरी. राग आला तर येऊ द्या.

आरतीला अजून दहा मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. घरातली उरलेली स्ट्रिप कुणी दाखवायला आणली असेल तर आणखी चांगलं.