गढूळ पाण्याचं वजन

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की घरात कुणीतरी विचारतं, 'किती गढूळ आहे?' उत्तर येतं, 'चहासारखं!' घरापुरतं ते पुरतं. पर्वती जलकेंद्रात तुरटी किती घालायची हे ठरवणाऱ्याला किंवा धरण गाळानं किती वर्षांत भरेल याचा हिशेब मांडणाऱ्याला मात्र आकडा लागतो. आणि गंमत म्हणजे या दोघांना लागणारे आकडे वेगवेगळे असतात.

जलकेंद्राला हवा गढूळपणा, म्हणजे पाण्यात सोडलेला प्रकाश कणांवर आपटून किती विखुरतो ते. तो एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरं पाणीच नसेल तर ५ पर्यंत चालतं. धरणवाल्याला हवं गाळाचं वजन, लिटरमागे किती मिलिग्रॅम.

वजनाची जुनी रीत सरळ आहे. नदीतून बाटली भरायची, पाणी गाळायचं, गाळणकागद भट्टीत साधारण १०५ अंशांवर वाळवायचा आणि तोलायचा. यात खोट नाही. पण बाटली भरायची दिवसातून एकदा, आणि आपल्या दख्खनच्या नद्या वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत आणतात. पूर काही घड्याळ बघून येत नाही. म्हणून प्रकाशाचे मीटर आले. एक छोटा अवरक्त दिवा, शेजारी परतणारा प्रकाश टिपणारा डोळा. रात्री दोनलाही दर काही मिनिटांनी नोंद होते.

आता घरी एक प्रयोग करा. एका ग्लासात खडूचा तुकडा टाका, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाच्या खडूची पूड ढवळा. पहिल्यातलं पाणी जवळजवळ स्वच्छ, दुसरं पांढरंफेक. वजन मात्र तेच. एक दशांश मिलिमीटर बाजूचा घनाकृती कण घ्या आणि त्याचे दहापट लहान बाजूचे १,००० कण करा. एकूण पृष्ठभाग दहापट होतो. मीटरला दिसतो पृष्ठभाग आणि आपण त्याला विचारतो वजन! शिवाय काळसर कण प्रकाश गिळतात, फिकट कण परत पाठवतात.

कारखान्यातून मीटर येतो तो फॉर्मॅझिन नावाच्या दुधट द्रावावर जुळवलेला. हा द्राव कुठंही एकसारखा बनवता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण तो कुठल्याही नदीतून वाहत नाही.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी नोकरीच्या सुरुवातीला मी चुकलोच. वेळ थोडा होता, म्हणून प्रयोगशाळेतली चिनी माती पाण्यात कालवून मी मीटर जुळवला. आलेख सुरेख आला, साहेबही खूश. पावसाळाभर मीटर नदीत राहिला आणि माझा अहवाल पुढे गेला. नंतर सहज म्हणून त्याच काळातल्या बाटल्यांचे आकडे शेजारी मांडले, तर बाटलीतला गाळ मीटरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट! चिनी माती अतिशय बारीक आणि पांढरी. नदीतला गाळ भरड आणि गडद. मीटर खोटं बोलला नव्हता, मी त्याला भलतीच भाषा शिकवली होती. त्या अहवालावरून एका बंधाऱ्याचं आयुष्य ठरणार होतं. दुरुस्तीचं पत्र लिहिताना हात जड झाला होता.

मग रीत बदलली. त्याच नदीचा गाळ आणून टाकीत सतत ढवळत ठेवायचा, कारण ढवळणं थांबलं की भरड कण आधी खाली बसतात. थोडाथोडा गाळ वाढवत दर पायरीला मीटरचा आकडा आणि बाटलीचं वजन लिहायचं. टाकीतला आलेख हाही कच्चाच. खरा आलेख पुरातल्या बाटल्यांवरून पक्का होतो. पूर चढताना आणि उतरताना कणांचा आकार बदलू शकतो, म्हणून दोन्ही वेळच्या बाटल्या हव्यात. गाळ फारच दाट झाला तर प्रकाश वाटेतच अडतो आणि मीटरचा आकडा वाढायचा सोडून घसरू लागतो. ऐन महापुरात नदी निवळल्याचा भास!

नद्या आणि धरणांचा अभ्यास करणारी, १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेली मोठी संशोधन संस्था आपल्या खडकवासल्याला आहे, हे पुणेकरांना ठाऊक असतं. पण नदीकाठी बाटली भरणारा माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे तो भर पावसात काठावर उभा राही. मीटरच्या काचेवर शेवाळ चढलं, की दात घासायच्या जुन्या ब्रशनं तोच ती पुसून काढी, आणि वहीत वेळ लिहून ठेवी, म्हणजे त्या मिनिटाचा उडी मारलेला आकडा आम्ही पूर समजू नये.