जुना संगणक आणि लिनक्सची पहिली पायरी
(हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



वसतिगृहाला तुम्ही वापरलेले संगणक दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यांपैकी बहुतेकांवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा पाठिंबा संपला आणि इतक्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. मग ती भंगारात घालायची का? मी म्हणते, नको. मोठ्या मुलामुलींना त्यांवर लिनक्स शिकवू या.

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. तेव्हा बिचकण्यासारखे काही नाही.

पण घाई नको. ओळखीच्या एका वसतिगृहात एका उत्साही तरुणाने लिनक्स बसवताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला. मुलांच्या जातीच्या दाखल्यांच्या स्कॅन प्रती आणि शिष्यवृत्तीच्या नोंदी, सगळे गेले. पुन्हा तालुक्याच्या खेपा पालकांनी मारल्या, त्याही रोजगार बुडवून.

म्हणून आमची रीत सांगते. कार्यालयाच्या संगणकाला हात लावायचा नाही. शिकण्याच्या संगणकातले कामाचे सगळे आधी वेगळ्या डिस्कवर उतरवायचे आणि ते उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर पाहायचे. मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्यायची. पेनड्राइव्हवरचे जुने सारे त्यात पुसले जाते, हे लक्षात असू द्या. त्यावरून संगणक सुरू केला की काही न बसवताही लिनक्स वापरून पाहता येते. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केला की आपले विंडोज जागेवर. महिनाभर एवढेच पुरे.

फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यायची आणि तिथे दिलेला पडताळणीचा क्रमांकही जुळवायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि काहींच्या हाती चोरवाट ठेवलेली फाइल पडली होती.

टर्मिनलची मुलांना भारी हौस! पीडब्ल्यूडी, एलएस, सीडी या आज्ञांनी सुरुवात करावी; त्यांनी काही बिघडत नाही. 'सुडो'ने सुरू होणारी ओळ मात्र अर्थ कळल्याशिवाय कोणी चिकटवायची नाही. तिथे पासवर्ड दिला की यंत्राच्या सगळ्या किल्ल्याच दिल्या.

एक अडचण मात्र आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली आपली पत्रके लिनक्सवर उघडली की अगम्य अक्षरे दिसतात. युनिकोडमधले मराठी लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित चालते. जुनी पत्रके युनिकोडमध्ये आणायला घरबसल्या कोणी मदत केली, तर फार बरे होईल.

आणि यापुढे संगणक देताना किमान ४ जीबी रॅम आहे का, तेवढे पाहा. आपले फोटो आणि बँकेचे कागद त्यातून आधी काढून घ्या. सोबत ८ जीबीचा एखादा पेनड्राइव्ह आला, तर मुलांना लगेच सुरुवात करता येईल.