सावलीचे पान, उन्हाचे पान



ग्रंथालयात पानांविषयी बोलायचे म्हटले की श्रोत्यांना छापील पाने अपेक्षित असणार. मी मात्र येताना मयेतल्याच एका आंब्याची दोन पाने घेऊन आलो आहे. एक शेंड्याचे, दुसरे आतल्या, खालच्या फांदीचे. ती हातोहात मागे जाऊ द्यावीत. शेंड्याचे पान लहान आणि जाड. आतले रुंद, पातळ, गडद हिरवे. झाड एकच, बीज एकच. फरक केला तो उन्हाने.

शेंड्याच्या पानापुढचा प्रश्न प्रकाश मिळवण्याचा नसून जास्तीच्या प्रकाशातून वाचण्याचा असतो. म्हणून त्यात खांबांसारख्या उभ्या पेशींचे थर अधिक, वरचा मेणचट पापुद्रा जाड, पर्णरंध्रे दाट. झेपत नाही ती ऊर्जा पानातली काही पिवळी द्रव्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतात. सावलीतल्या पानाचा संसार काटकसरीचा. जाडी कमी, पसारा मोठा, श्वसनाचा खर्च थोडा. वजनाच्या मानाने हरितद्रव्य मात्र अधिक.

हा संसार पाहायचा तर सत्तरीत नानोड्याच्या बाजूला, बांबरच्या निरंकाराच्या रायीत जावे. तिथे पाणथळीत रानजायफळाची झाडे गुडघ्यांसारखी मुळे वर काढून उभी आहेत. त्यांची पाने हातभर लांब. अशा दाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत पोहोचतो तो माथ्यावरच्या उजेडाचा शंभरातला जेमतेम एखाद-दुसरा भाग. तळची रोपे जगतात ती बरीचशी कवडशांच्या बळावर. कवडसा पडला की पान लगेच पूर्ण वेगाने कामाला लागत नाही, जागे व्हायला त्याला काही मिनिटे लागतात. पण एकदा जागे झाले की काही काळ तयारीत राहते आणि पुढचा कवडसा वाया जाऊ देत नाही. दिवसाच्या कमाईत कवडशांचा वाटा कधी निम्म्याहूनही अधिक भरतो.

आता एक चूक सांगतो, माझीच. काही वर्षांपूर्वी आम्ही जायफळ आणि भिरंडीची जोमदार रोपे एका कुळागरातून आणून पावसाळा सरताना सड्यावर लावली. (देवराईतली काडीही बाहेर न्यायची नसते, म्हणून कुळागरातली.) पाणी वेळेवर घातले. आठवड्याभरात पाने फिकट पडली, मग कागदासारखी करपली. आम्ही दोष मातीला दिला. कुळागर राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी रोपे पाहून एवढेच विचारले, ‘पोफळीखालची पोरं एकदम उन्हात कशी हो काढलीत?’

त्या प्रश्नात सारे शास्त्र आले. सावलीत घडलेल्या पानाला पुढे पेशींचे नवे थर चढवता येत नाहीत. उन्हाशी जुळवायचे तर झाडाला जुने पान गाळून वेगळ्या घडणीचे नवे पान काढावे लागते. त्यासाठी काही आठवडे हवेत आणि गाठीला अन्नही हवे. रानात एखादा वृक्ष कोसळून आभाळ उघडे पडते, तेव्हाही काही रोपे करपतात. नवी पाने वेळेवर काढतात तीच वर येतात.

आपल्या डिचोली तालुक्यात ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. खाणीसाठी डोंगर उघडा पडला की कडेच्या रानातली सावलीची रोपेही एकाएकी उन्हात येतात. खाणींच्या मातीच्या ढिगांवर अकेशिया लावला गेला आणि तो जगला, यात नवल नव्हते. त्याचे ‘पान’ हे मुळात चपटा झालेला देठ आहे, आणि तो उन्हाला कड दाखवून लोंबतो. पण ढीग हिरवा झाला म्हणजे रान परतले, हे मला मान्य नाही. जायफळ, भिरंड, नागचाफा तिथे आणायचे तर आधी सावली आणली पाहिजे.

पुढच्या खेपेस आम्ही रोपे प्रथम आंब्याखाली ठेवली, मग झावळ्यांच्या विरळ मांडवात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात उघड्यावर नेली. जुनी पाने गळली. नवी आली ती लहान आणि जाड. भिरंडीची तर कोवळेपणी तांबूस, कारण हरितद्रव्य भरेपर्यंत तो लाल रंगच पानाची छत्री होतो. त्यातलेही एक पान आणले आहे. व्याख्यानानंतर ते आंब्याच्या पानांशेजारी टेबलावर ठेवतो.