लष्करी ट्रक आणि त्याची निगा

श्रोतेहो, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे बोल आपल्या जिल्ह्यात पोरासोरांच्याही तोंडी आहेत. आज ज्या वाहनाविषयी बोलायचे आहे, त्यात जर्मनीचा संबंध खरोखरच येतो. आपल्या सैन्याचा 'शक्तिमान' ट्रक जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपूरला तयार होऊ लागला. त्याआधी, 1945 मध्ये दुसरे महायुद्ध संपल्यावर, कॅनडात बांधलेले फोर्ड व शेवरलेट ट्रक आणि अमेरिकन जीपगाड्या विक्रीस निघाल्या. लोक त्यांना 'डिस्पोजलचा माल' म्हणत. पुढे शक्तिमानही त्याच वाटेने लिलावात आला.

अशा ट्रकविषयी एक समज आहे : 'मिलिटरीची गाडी, तिला काय होतंय?' हा समज घातक आहे. सैन्यात गाडी निघण्यापूर्वी, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर तपासली जाते. तिची नोंदवही असते. ती टिकते ती या शिस्तीमुळे. लिलावात आपल्या हाती लोखंड येते; शिस्त आपली आपणच लावायची असते.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सैन्यातून आलेल्या गाडीच्या नोंदणीस नमुना 21 मधील मूळ विक्री-दाखला लागतो. गाडीची नोंदणी होईल की नाही, हे आरटीओ कार्यालयात आधी विचारा, मग पैसे मोजा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. असे जुने तेल उतारावर तापले, की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलावे. तेल कमी पडले म्हणून इंजिनचे ऑइल तिथे कधीही ओतू नये. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतात. गाडी हवेच्या ब्रेकची असेल, तर हवेच्या टाकीत साठलेले पाणी रोज सोडावे.

तिसरी गोष्ट चाकांची. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टायरची नक्षी खोल दिसते, पण रबराला बारीक भेगा गेलेल्या असतात. काही जुन्या लष्करी चाकांचे दोन भाग बोल्टांनी जोडलेले असतात. सगळी हवा सोडल्याशिवाय त्या बोल्टांना पाना लावू नये. चाक फुटून माणूस जागच्या जागी दगावतो.

आता आपल्या मुलखाचे पाहू. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल. एअर फिल्टर तेलाचा असेल, तर त्यातला गाळ काढून खुणेपर्यंत नवे तेल भरावे. विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये खार धरते. त्यापेक्षा गाळलेले पावसाचे पाणी बरे. चारी चाकांची ओढ चिखलापुरतीच लावावी. कोरड्या डांबरी सडकेवर ती तशीच ठेवली, तर गिअरवर ताण येतो आणि टायर झिजतात. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर गिअरचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले असे समजून बदलावे.

टंचाईच्या दिवसांत अशा ट्रकवर पाण्याची टाकी चढते. 1000 लिटर पाणी म्हणजे 1 टन वजन. तीन टनांच्या ट्रकवर 5000 लिटरची टाकी भरली, तर पाण्याचेच 5 टन झाले, टाकीचे वजन निराळे. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर एका अंगाला धावते आणि गाडीला ओढते. टँकर गावात आला, की भोवती बाया-पोरांची घागरी घेऊन गर्दी होते. त्या गर्दीत जर ब्रेक लागला नाही, तर काय होईल, याचा विचार मालकाने गाडी गावाकडे धाडण्यापूर्वी करावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात असा ट्रक असेल, तर मालकाच्या संमतीने वरच्या वर्गातील मुलांकडून त्याची वही ठेववून घ्या : किती किलोमीटर धावला, डिझेल किती लागले, तेल कधी बदलले. गणिताचा धडा होईल आणि लिटरमागचे अंतर घटू लागले, की बिघाडाची सूचनाही वेळेवर मिळेल.

ड्रायव्हर बदलतो, मिस्त्री बदलतो. लिहिलेले मात्र राहते. चाळीस पानांची एक वही आणा आणि आजची तारीख घालून पहिली नोंद करा.