दुसऱ्या बरणीला जरा वेळ द्या

श्रोतेहो, मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझी आवडती गायिका’. गायिका ट्रेसी चॅपमन. तिचं ‘फास्ट कार’ तुम्ही ऐकलंच असेल, त्यामुळे ती कोण, कुठली, यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते तिच्या दुसऱ्या अल्बमबद्दल, ‘क्रॉसरोड्स’बद्दल. आणि खरं म्हणजे तुमच्या-माझ्या कानांबद्दल. तक्रारच आहे म्हणा ना.

स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या एखाद्या नव्या गायिकेचा पहिला अल्बम गाजतो. आपण दुसऱ्याची वाट बघत बसतो. तो येतो. आपण तो एकदा लावतो, तोही भाजी निवडता निवडता, अर्धाच ऐकतो आणि निकाल देऊन मोकळे होतो: ‘पहिल्याची सर नाही हो!’ आता सर नसेलही. पण तुलना कशाची कशाशी चाललीय? शंभरदा ऐकलेल्या गाण्याची एकदा ऐकलेल्या गाण्याशी!

आमच्याकडे मृगाच्या आधी कैरीचं लोणचं घालतात. फोडींना मीठ-हळद लावायची, मग मोहरीची डाळ, मेथी, हिंग, गार केलेली फोडणी, आणि बरणीला दादरा बांधायचा. चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी बरणी उघडतं, फोड चाखतं आणि म्हणतं, ‘छे, गेल्या वर्षीचं काय झालं होतं!’ अहो, गेल्या वर्षीचं वर्षभर मुरलंय. याला अजून धड खारसुद्धा सुटलेला नाही. चौथ्या दिवशी गेल्या वर्षीचंही असंच लागत होतं, फोड करकरीत, मोहरी नाकात जाणारी. ते मात्र आपण सोयीस्कर विसरतो.

लोणचं बरणीत मुरतं, गाणं कानात मुरतं. एवढंच मला सांगायचंय. बाकीचं भाषण ऐकलं नाहीत तरी चालेल, पण हे ऐका.

आता ट्रेसीचं उदाहरण. तारीख ११ जून १९८८, लंडनचं वेम्बली स्टेडियम. नेल्सन मंडेला तुरुंगात होते आणि त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम चालला होता. ६० हून अधिक देशांत टीव्हीवर दिसत होता. ट्रेसी २४ वर्षांची, पहिला अल्बम येऊन जेमतेम दोन महिने झालेले. तिची गाणी आधीच होऊन गेली होती. पुढे स्टीव्ही वंडरची पाळी आली, तर त्याच्या सिंक्लेव्हियर या वाद्याची हार्ड डिस्कच सापडेना! कार्यक्रमाचं सगळं सामान त्या डिस्कवर. तो काही रंगमंचावर येईना. एवढ्या लोकांसमोर वेळ भरून काढायची कशी? मग जिला साथीला कुणी लागत नाही, वायरी जोडत बसावं लागत नाही, तिलाच पुन्हा उभं केलं. एक मुलगी, एक गिटार, एक माइक. तिनं ‘फास्ट कार’ म्हटलं आणि तिचं नाव घरोघरी गेलं.

अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर चढला. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्कांच्या दौऱ्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल यांच्याबरोबर ती देशोदेशी गायली. ३० सप्टेंबरला आपल्या दिल्लीतही, जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये. पुढच्या फेब्रुवारीत तीन ग्रॅमी.

आणि ३ ऑक्टोबर १९८९ रोजी ‘क्रॉसरोड्स’ आला. पहिल्यानंतर अवघ्या दीड वर्षानं. ब्रिटनमध्ये तोही पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत मात्र नवव्याच्या वर सरकला नाही. तिथल्या अधिकृत नोंदी पाहिल्या तर पहिल्याच्या ६० लाख प्रती आणि याच्या १० लाख. झालं! ‘उतरली बाई’ म्हणायला लोक मोकळे. दहा लाख प्रती म्हणजे उतरणं असेल, तर तसं उतरायला कितीतरी जण एका पायावर तयार होतील.

पण आकड्यांचं जाऊ द्या, गाण्यांकडे या. शीर्षकगीतातच तिनं सांगून टाकलंय की मला वाटेल तसं घडवायला, विकायला निघालेल्यांच्या हाती माझा आत्मा मी देणार नाही. कीर्तीचं वर्ष अंगावर घेतलेली मुलगी बोलतेय ती. ‘फ्रीडम नाऊ’ हे गाणं मंडेलांना अर्पण केलेलं. अल्बम निघाला तेव्हा ते तुरुंगातच होते, चार महिन्यांनी, ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले. ‘सबसिटी’ ऐका. समाजाच्या हिशेबातच नसलेली एक बाई देशाच्या अध्यक्षांना निरोप धाडते. शब्द सगळे अदबीचे आणि प्रत्येक शब्दाला धार. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं लक्ष चालीकडे होतं. निरोपातला टोमणा कितीतरी उशिरा लागला. आणि शेवटच्या दहाव्या गाण्यात नील यंगनं साथ केलीय. इतका मोठा माणूस, पण कुठे पुढे पुढे करत नाही. पण शेवटच्या गाण्यापर्यंत पोचतंय कोण? कॅसेटची दुसरी बाजू लावायचाच आपल्याला कंटाळा. आता तर बाजू बदलायलाही उठावं लागत नाही, बोटानं गाणं पुढे ढकललं की झालं.

‘फास्ट कार’ तरी पहिल्या ऐकण्यात कुठे एवढं कळलं होतं? आठवून बघा. गिटारवरचे तेच मोजके सूर गोल गोल फिरत राहतात. दारुडा बाप, सुटलेली शाळा, दुकानातली नोकरी, कडव्यामागून कडवं येत राहतं. ड्रम जोरात येतात ते थेट धृपदाला, आणि धृपद यायला चांगलाच वेळ लागतो. आज आपल्याला ते धृपद येणार हे ठाऊक असतं, म्हणून वाट बघण्यातही गंमत वाटते. ही गंमत गाण्यात जेवढी आहे तेवढीच आपल्या कानात साठलेली आहे. पुन्हा सांगते, गाणं कानात मुरतं. दुसऱ्या अल्बमला ती संधीच आपण देत नाही.

कुणी म्हणेल, काही दुसरे अल्बम खरंच फसलेले असतात. असतात ना! कैरीलाच पाड लागला असेल तर बरणी कितीही दिवस ठेवा, फोडी मऊच पडणार. पण ते चौथ्या दिवशी कसं कळणार तुम्हाला? त्यासाठीसुद्धा थांबावं लागतं. आणि सारखं झाकण उघडून, ओला चमचा घालून बघितलं तर चांगलं लोणचंही बुरसतं. तसंच अर्धवट ऐकून ‘ठीक आहे’ असं चारचौघांत सांगत सुटलं की पुढचा माणूस तेवढंही ऐकत नाही.

गाणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तरी हेच. ट्रेसीचं ‘गिव्ह मी वन रीझन’ गाजलं ते १९९६ मध्ये. अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं. ते होतं १९९५ च्या ‘न्यू बिगिनिंग’ या चौथ्या अल्बममधलं. पण हे गाणं तिनं ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात म्हटलं होतं डिसेंबर १९८९ मध्ये, म्हणजे ‘क्रॉसरोड्स’ बाजारात आल्यावर लगेचच! सहा वर्षं तिनं ते राहू दिलं, घाई केली नाही. ती थांबू शकते, मग आपल्याला दोन संध्याकाळी थांबायला काय होतं?

अलीकडे तर दुसऱ्यावरचा अन्याय आणखी वाढलाय. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकानं ‘फास्ट कार’ नव्यानं गायलं आणि ते पुन्हा गाजलं. त्या वर्षीचा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा मान ट्रेसीला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर दोघांनी ते मिळून म्हटलं. आनंदच झाला मला, डोळ्यांत पाणी आलं. पण म्हणजे पहिल्या बरणीला आणखी पस्तीस वर्षं मिळाली, आणि दुसरी आहे तिथेच फडताळात, दादरासुद्धा न सोडलेली. पहिलं गाणं दरवेळी पुन्हा ऐकलं जातं म्हणून आणखी आवडतं, आणि आणखी आवडतं म्हणून दुसरं कुणी लावतच नाही. हे चक्र रेडिओवालेही मोडत नाहीत बरं का. फर्माइशी येतात त्या पहिल्याच्याच, आणि... असो, ज्यांच्या स्टुडिओत बसलेय त्यांनाच बोलणं बरं नाही.

वेळ संपत आलीय असं मला खुणावताहेत. तिसऱ्या अल्बमचं, १९९२ च्या ‘मॅटर्स ऑफ द हार्ट’चं, तर नावच घ्यायचं राहिलं, आणि त्याचे हाल दुसऱ्याहून वाईट. ते पुन्हा बोलावलंत तर. तोवर एक काम सांगते. ‘क्रॉसरोड्स’ लावा. दहाही गाणी, लावली आहेत त्याच क्रमानं, हातात दुसरं काम न घेता. आठवडाभरानं पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या खेपेलाही नाही आवडला, तर खुशाल नावं ठेवा, मी हूं की चूं करणार नाही. पण तिसऱ्या खेपेच्या आधी नाही हं!